गावाला शोभा देणारे फुलवृक्ष : निवड आणि जोपासना

फाल्गुन मास अर्धा सरला, की गोव्याहून चोर्ला घाटाने बेळगावकडे निघालेल्या प्रवाशाला सह्याद्रीचे एक निराळेच रूप पाहावयास मिळते. निष्पर्ण झालेल्या रानात पांगारा आणि काटेसावर लाल फुलांनी पेटलेली असतात. घाटमाथा ओलांडून खानापूर तालुक्याच्या कोरड्या अंगाला उतरावे, तो माळावरचा पळस केशरी होऊन सामोरा येतो. आणखी महिन्या-दीड महिन्याने याच वाटेवर बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात आणि ओढ्याकाठी ताम्हण जांभळी होते. या झाडांना कोणी पाणी घातलेले नसते आणि कुंपणही केलेले नसते.

उलट, ज्या झाडांसाठी खड्डे खणले जातात, समारंभ होतात आणि नावाच्या पाट्या लागतात, त्यांपैकी कित्येक पुढचा वैशाख पाहत नाहीत. जी जगतात, त्यांतील काही वीस-पंचवीस वर्षांनी विजेच्या तारांत शिरतात, कौलांवर मोडून पडतात अथवा रस्ता रुंद होताना सर्वांआधी कुऱ्हाडीखाली येतात. याचे कारण पुष्कळदा लागवडीच्या दिवशीच घडलेले असते. फुलाचा रंग पाहून झाड निवडले जाते. जागा, माती, वारा आणि पाणी यांचा विचार मागाहून होतो, किंवा होतच नाही.

झाडाचा बहर पंधरा दिवसांचा, फार तर महिन्याचा असतो. उरलेले अकरा महिने गावाला लाभते ती सावली, पान, खोड आणि मूळ. यास्तव फुलवृक्षाची निवड करताना फुलाचा विचार शेवटी करावा, ही गोष्ट ग्रामपंचायतींनी, शाळांनी आणि देवस्थानांनी प्रथम ध्यानी घेतली पाहिजे.

जागा आधी, झाड नंतर

गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाटाच्या पायथ्याशी, सत्तरी आणि सांगे या भागांत तो त्याहूनही अधिक असतो. परंतु हा जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन जातो. उरलेले आठ महिने जमीन कोरडी होत जाते. एवढ्या पावसाच्या प्रदेशात रोपे तहानेने मरतात, याचे नवल वाटावयाचे कारण नाही. जांभ्या दगडावरची माती उथळ असते. तिच्यात मुरलेले पाणी दिवाळीनंतर फार काळ टिकत नाही.

या प्रदेशात फुलवृक्ष लावण्याच्या जागांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतील. पहिला प्रकार सड्याचा. येथे वीत-दीड वीत मातीखाली कातळ लागतो, वारा मोकळा असतो आणि ऊन कडक पडते. दुसरा मोरड जमिनीचा व डोंगरउताराचा. येथे पाण्याचा निचरा चांगला होतो आणि माती मध्यम खोल असते. तिसरा प्रकार ओलीच्या जागांचा, म्हणजे नदी-ओढ्यांचे काठ, तळ्यांचे बांध आणि कुळागरांच्या कडा. चौथा प्रकार खाजनांच्या कडेचा व समुद्रकाठचा. येथे मातीत क्षार आणि वाऱ्यात खारेपणा असतो.

सड्यावर सोनसावर, पळस, बहावा आणि कुडा तग धरतात. मोरडीवर बहावा, कांचन, आपटा, बकुळ व करंज चांगले येतात. ओलीच्या जागी ताम्हण, सीता अशोक, सुरंगी आणि कदंब यांना जोर चढतो. समुद्रकाठी उंडी, भेंड व करंज हे विश्वासाचे वृक्ष होत. उंडीची पांढरी सुगंधी फुले आणि भेंडीची पिवळी, सुकताना तांबूस होणारी फुले फारशी नावाजली गेली नाहीत. तथापि खाऱ्या वाऱ्यात उभे राहण्याची त्यांची शक्ती बागेतील अनेक नामांकित झाडांना नाही.

सीता अशोक सड्यावर लावणे अथवा सोनसावर पाणथळ जागी लावणे म्हणजे झाडाचे आणि श्रमाचे दोन्हींचे नुकसान होय. कोणते झाड कोठे लावावे, याबद्दल संभ्रम असल्यास सर्वांत सोपा उपाय म्हणजे गावाच्या परिसरात, जवळच्या रानात किंवा देवराईत फिरून पाहणे. तशाच मातीवर, तशाच उन्हात जे झाड आपोआप वाढलेले दिसते, तेच गावातही वाढेल.

निवडीपूर्वी विचारावयाचे पाच प्रश्न

जागा ठरल्यावर झाडाबद्दल पाच प्रश्न विचारावेत.

पहिला, हे झाड पूर्ण वाढल्यावर केवढे होईल? हातभर रोपाकडे पाहून याचा अंदाज येत नाही. कदंब वीस मीटरांहून उंच जातो आणि काटेसावर त्याहूनही थोराड होते. आपटा किंवा पारिजातक मात्र पाच-सहा मीटरांत आटोपतो. विजेच्या तारांखाली पाच मीटरांपेक्षा उंच होणारे झाड लावू नये. मोठ्या वृक्षाला घरापासून किमान दहा मीटर आणि मध्यम वृक्षाला पाच-सहा मीटर अंतर द्यावे.

दुसरा, याची पाने केव्हा गळतात? शाळेच्या पटांगणात मार्च ते मे या काळात सावली हवी असते. पळस, पांगारा आणि काटेसावर नेमकी त्याच सुमारास उघडी असतात. बकुळ, करंज आणि उंडी यांची सावली उन्हाळ्यातही कामी येते. करंज थोडे दिवस पाने टाकतो. पण ऐन उन्हाळा होण्यापूर्वीच नव्या पालवीने भरून जातो.

तिसरा, लाकूड चिवट आहे की ठिसूळ? जे झाड झपाट्याने वाढते, त्याचे लाकूड बहुधा हलके असते. वादळात ते प्रथम मोडते.

चौथा, झाडाखाली काय पडेल? बकुळीच्या फुलांचा सडा कोणालाही हवासा वाटेल. मात्र काटेसावरीची जाड, ओली फुले डांबरी रस्त्यावर पडली, की दुचाकी घसरतात आणि तिचा कापूस घराघरांत शिरतो.

पाचवा, मुलांना आणि गुरांना यापासून काही अपाय आहे काय? पांगाऱ्याला व कोवळ्या काटेसावरीला काटे असतात. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, बी विषारी असते. प्राथमिक शाळेच्या आवारात ती लावू नये. बहाव्याच्या शेंगेतील गर रेचक आहे, हे शिक्षकांनी मुलांना सांगून ठेवावे.

काही निवडक वृक्ष

बहावा : दहा ते पंधरा मीटर उंचीचा हा मध्यम वृक्ष घर, शाळा आणि रस्ता या तिन्ही ठिकाणी शोभतो. संस्कृतात याला आरग्वध आणि राजवृक्ष म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत पाने उतरल्यावर पिवळ्या फुलांचे लांब घोस लोंबतात. बहावा फुलला, की पावसाची वाट पाहावयास लागावे, असा लोकांचा जुना आडाखा आहे. बहाव्याची शेंग काळी व हातभर लांब असून तिच्या गराचा औषधी उपयोग फार पूर्वीपासून माहीत आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात या शेंगेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. पणजीतील जुन्या नगर उद्यानाला याच वैद्याचे नाव आहे. पावसाळ्यात कधीकधी बहाव्याची पाने अळ्या खाऊन टाकतात. या अळ्या पिवळट पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात. त्यांवर औषध फवारण्याची गरज नाही. झाड पुन्हा पालवते.

ताम्हण : महाराष्ट्राने जिला राज्यपुष्पाचा मान दिला, ती ही ताम्हण. मूळची नदीकाठची, त्यामुळे ओल तिला मानवते. जांभळ्या, चुणीदार पाकळ्यांचे उभे तुरे एप्रिलपासून दिसू लागतात आणि पहिल्या पावसापर्यंत टिकतात. फुले नव्या फुटव्यावर येतात. तळ्याच्या बांधावर, पंचायतघरासमोरील सखल जागेत अथवा नाल्याकडेच्या रस्त्यावर ताम्हणीची रांग उत्तम दिसते. कोरड्या सड्यावर ती खुरटते.

बकुळ : गोव्यात हिला ओंवळ म्हणतात. वाढ सावकाश, पान दाट, लाकूड कठीण आणि सावली बारमाही. फूल लहानसे असले, तरी सुकल्यावरही त्याचा गंध जात नाही. आज लावलेल्या बकुळीखाली बसण्यास पंधरा वर्षे वाट पाहावी लागते. परंतु वाऱ्यात उभी राहणारी, कचरा न करणारी आणि मंदिराच्या प्रांगणाला किंवा शाळेच्या दाराला शोभणारी दुसरी अशी जात क्वचितच सापडेल.

पळस : पळसाला पाने तीनच, ही म्हण सर्वांच्या तोंडी असली, तरी पळस मुद्दाम लावणारे थोडे. खानापूर तालुक्यातील हलशी हे गाव कदंब राजवटीत पलाशिका या नावाने ओळखले जात असे. त्या नावात पलाश, म्हणजे पळसच आहे. हा वृक्ष कोरड्या, नापीक माळाचा होय. त्याचे सोटमूळ लहानपणीच खोल जात असल्याने पिशवीतील रोपापेक्षा ताजी बी जागेवर टोकणे बरे. पाण्याचा त्रास नाही, परंतु वाढीला वेळ लागतो.

सीता अशोक : बाजारात अशोक म्हणून ज्या उंच, सरळसोट झाडाची विक्री होते, तो हा नव्हे. खऱ्या अशोकाची फुले केशरी-तांबडी असून ती थेट फांद्यांवर आणि खोडावर झुबक्यांनी येतात. कोवळी तांबूस पालवी लोंबती असते. उंची सहा ते नऊ मीटर. अर्धी सावली, ओल आणि पाचोळ्याची माती त्याला आवडते. औषधासाठी साल काढल्यामुळे रानातील त्याची संख्या घटली असून जागतिक पातळीवर त्याची गणना संकटग्रस्त वृक्षांत होते. तळे किंवा झर असलेल्या प्रत्येक देवस्थानाने दोन-चार सीता अशोक जोपासले, तर ते एका दुर्मीळ होत चाललेल्या जातीचे रक्षण ठरेल.

सुरंगी : कोकण व गोव्याचे हे स्वतःचे वैभव. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जुन्या फांद्यांना बिलगून कळ्या येतात. वळेसरासाठी त्या उमलण्यापूर्वी, पहाटेच काढाव्या लागतात. वेंगुर्ले आणि सावंतवाडी भागांतील अनेक कुटुंबांना त्यातून हंगामी उत्पन्न मिळते. झाड सदाहरित पण फार सावकाश वाढणारे आहे. कुळागराच्या कडेला ते लावावे.

कदंब : गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याने याच वृक्षाचे नाव धारण केले आणि राज्याच्या परिवहन महामंडळालाही तेच नाव आहे. मात्र कदंबाची बस रोज पाहणाऱ्या पुष्कळांनी कदंबाचे झाड ओळखून पाहिलेले नसते. पावसाळ्यात लिंबाएवढे गोल, पिवळसर फुलांचे चेंडू त्याला येतात. तो लवकर वाढतो, पण त्याला ओल आणि ऐसपैस जागा लागते. घराजवळ तो लावू नये. मैदानाच्या कडेला अथवा नदीकाठी लावावा.

पांगारा : याची मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या सुरुवातीस रोवली, तरी ती मूळ धरते. मिरीच्या वेलाला आधार म्हणून आणि कुंपणासाठी तो परिचित आहेच. जानेवारी ते मार्च या काळात त्याच्या लाल फुलांवर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल आणि शिंजीर यांची झुंबड उडते.

लहान जागेसाठी : कांचन, आपटा, कुडा व पारिजातक ही झाडे अरुंद आवारातही मावतात. आपट्याची पाने म्हणून दसऱ्याला बहुधा कांचनाच्याच फांद्या ओरबाडल्या जातात. दोन्ही झाडे शेजारी लावून मुलांना फरक दाखविण्याजोगा आहे. कुडा म्हणजे संस्कृतातील कुटज. कालिदासाच्या मेघदूतातील यक्ष मेघाचे स्वागत करतो ते याच फुलांनी. पारिजातकाला गार्सिया द ऑर्ताने आपल्या ग्रंथात दुःखी वृक्ष म्हटले आहे, कारण त्याची फुले रात्री उमलतात आणि सकाळी गळून पडतात.

परदेशी पाहुण्यांविषयी

गुलमोहर मादागास्कर बेटावरून आला, नीलमोहर दक्षिण अमेरिकेतून, पिचकारीचे झाड आफ्रिकेतून. देवळापाशी हटकून आढळणारा खुरचाफादेखील मूळचा अमेरिका खंडातलाच. तेव्हा परकेपणा हा काही झाडाचा दोष नव्हे. प्रश्न आहे तो गुणांचा आणि प्रमाणाचा.

गुलमोहराची मुळे उथळ पसरतात आणि फांद्या ठिसूळ असतात. मोकळ्या मैदानात हा दोष झाकला जातो. जांभ्या कातळातील लहान खड्ड्यात लावलेल्या आणि रस्त्याच्या कामात एका बाजूची मुळे तुटलेल्या गुलमोहराला मात्र वादळात आधार उरत नाही. उंच वाढणाऱ्या बुचाच्या झाडाचेही तसेच. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा राज्यभर झाडे आणि विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे अंधारात राहिली. कोणतेही झाड वादळापासून पूर्णतः सुरक्षित नसते. तरीही झाड कोणते, कोठे आणि केवढ्या खड्ड्यात लावले, यावर हानीचे प्रमाण पुष्कळसे अवलंबून असते.

म्हणून जे गुलमोहर आज उभे आहेत, ते तोडण्याचे प्रयोजन नाही. नवी लागवड करताना ते घर, तारा आणि अरुंद रस्ता यांपासून दूर ठेवावेत आणि सगळी रांग त्यांचीच करू नये, एवढे पथ्य पुरे.

बारा महिन्यांचा बहर

निवड नीट केली, तर गावात प्रत्येक ऋतूत काही ना काही फुलत राहते. जानेवारी-फेब्रुवारीत पांगारा व काटेसावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, सोनसावर, रक्तकांचन, सुरंगी आणि सीता अशोक, एप्रिल-मे महिन्यांत बहावा, ताम्हण, करंज, बकुळ आणि कुडा, पावसाळ्यात कदंब, पाऊस ओसरताना पारिजातक, आणि त्यानंतर थंडी सुरू होईपर्यंत देवकांचन. मधमाश्या आणि पक्षी यांनाही त्यामुळे वर्षभर आधार मिळतो. त्यांच्यावर बागायतीचे परागण अवलंबून आहे, हे शेतकऱ्यांना सांगावयास नको.

रस्त्याच्या लागवडीत मात्र सगळ्या जाती एकत्र मिसळल्यास शोभा येत नाही. पंजाबची नवी राजधानी म्हणून चंदीगढ वसविले गेले, तेव्हा डॉ. महिंदरसिंग रंधावा यांच्या मार्गदर्शनाखाली एकेका रस्त्याला एकेक जातीची झाडे लावण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. रस्त्याला त्याची स्वतःची ओळख मिळावी आणि शहरात निरनिराळ्या वेळी निरनिराळा बहर यावा, हा त्यामागील विचार. खेड्यातही एका वाडीच्या वाटेला बहावा, दुसरीच्या वाटेला ताम्हण अशी वाटणी करता येईल. संपूर्ण गावात एकच जात असू नये. एखादा रोग आल्यास सारी झाडे एकदमच जातात.

बी, रोप आणि खड्डा

फुलवृक्षांची रोपे शाळेतही तयार करता येतात. बहाव्याची शेंग काळी होऊन वाळली, की फोडून बी धुऊन घ्यावी. तिचे कवच फार कठीण असल्याने तशीच पेरल्यास ती महिनोन्‌महिने पडून राहते. पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, त्यात बी टाकावी व एक दिवस तशीच भिजू द्यावी. फुगलेली बी तेवढी पेरावी. ताम्हणीची बी हलकी, पंखाची असते. ती बारीक मातीत उथळ पेरून वर पातळ थर द्यावा. सीता अशोक व पळस यांच्या बिया फार दिवस टिकत नाहीत, त्या ताज्याच वापराव्यात.

रोपवाटिकेतून रोप घेताना उंचीला भुलू नये. खोड सरळ आणि बोटाएवढे जाड असावे, शेंडा शाबूत असावा. पिशवीच्या तळाशी मुळांचा वेटोळा झालेला असल्यास ते रोप टाळावे. अशी मुळे पुढे सरळ पसरत नाहीत आणि मोठेपणी झाड उन्मळते. रस्त्याकडेला दीड-दोन मीटर उंचीचे रोप लावणे इष्ट; गुरांच्या तोंडापासून त्याचा शेंडा वाचतो.

खड्डे एप्रिल-मे महिन्यांतच खणून उन्हात तापू द्यावेत. मऊ मातीत साठ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा पुरतो. जांभ्या कातळात तो मीटरभर असावा आणि तळाचा दगड पहारीने फोडून मुळांना वाट करून द्यावी. वरची माती वेगळी ठेवून तिच्यात एक तृतीयांश कुजलेले शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड मिसळावी. वाळवीला त्याने आळा बसतो.

वनमहोत्सवाची प्रथा १९५० मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केली आणि जुलैचा पहिला आठवडा त्यासाठी ठरला. कोकणपट्टीत पाऊस आधी स्थिरावतो. त्यामुळे जूनच्या मध्यापासूनच लागवड करावी, म्हणजे मुळांना पावसाचे पूर्ण तीन महिने मिळतात. लावताना प्लॅस्टिकची पिशवी पूर्णपणे काढून टाकावी. पिशवीसकट लावलेले रोप समारंभाच्या दिवशी ताठ दिसते आणि मार्गशीर्षात सुकते. रोप पिशवीत जेवढे खोल होते, तेवढेच खड्ड्यात ठेवावे. खोड मातीत गाडू नये. शेजारी बांबूची काठी रोवून सुंभाने सैलसर बांधावे. गुरांपासून रक्षणासाठी बांबूच्या कामट्यांचे किंवा काटेरी फांद्यांचे कुंपण करावे.

अंतराबाबत घाई नको. मोठे वृक्ष दहा-बारा मीटरांवर, मध्यम सहा-आठ मीटरांवर आणि लहान चार-पाच मीटरांवर लावावेत. प्रारंभीची मोकळी जागा पाहून कोणी हळहळू नये. ती जागा झाडाचीच आहे.

तीन उन्हाळ्यांची परीक्षा

रोप लावले, म्हणजे काम संपले असे मानणे हीच बहुतेक लागवडींच्या अपयशाची कहाणी आहे. रोपाची खरी परीक्षा पहिल्या तीन उन्हाळ्यांत होते.

पहिल्या वर्षी दिवाळीपासून पाऊस लागेपर्यंत चार-पाच दिवसांनी एकदा प्रत्येक रोपाला एक मोठी बादली पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा आणि तिसऱ्या वर्षी पंधरवड्यातून एकदा पुरते. रोज तांब्याभर पाणी शिंपडण्यापेक्षा अवकाशाने भरपूर दिलेले पाणी हितकर. त्याने मुळे खोल जातात. पाण्याची टंचाई असेल, तेथे रोपाशेजारी मातीचे मडके पुरावे. त्याच्या बुडाला बारीक छिद्र पाडून कापडाची वात बसवावी. आठवड्यातून दोनदा मडके भरले, की पाणी थेट मुळांपाशी झिरपते. आळ्यात वीतभर जाडीचा पाचोळा पसरावा, मात्र खोडाला चिकटू देऊ नये. अंगणातील पाचोळा जाळण्याऐवजी या कामी आणल्यास धूरही टळेल.

शाळांच्या बाबतीत एक अडचण ध्यानी घेतली पाहिजे. पाण्याची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच काळात उन्हाळ्याची सुटी असते. यास्तव जूनमध्ये झाड लावतानाच मे महिन्यात पाणी कोण घालणार, हे नावानिशी ठरवावे. आवाराशेजारच्या घरांकडे एकेक झाड सोपविले, तर ही व्यवस्था खर्चाविना होते. पंचायतीच्या मासिक सभेत किती झाडे लावली याबरोबरच किती जगली याची नोंद घेण्याचा प्रघात पडावा. शंभर रोपे लावून दहा जगविण्यापेक्षा वीस लावून अठरा जगविणे केव्हाही श्रेयस्कर.

मोठ्या झाडाची निगा

झाड पुरुषभर उंच झाल्यावर खालच्या फांद्या क्रमाने काढाव्यात, परंतु एकाच वर्षी सगळ्या नव्हे. वाळलेली, रोगट व एकमेकींवर घासणारी फांदी कापावी. काप खोडाशी अगदी भिडवून घेऊ नये. फांदीच्या मुळाशी असलेला फुगीर भाग शाबूत ठेवला, म्हणजे जखम लवकर भरते. ताम्हणीची छाटणी थंडीत केल्यास नव्या फुटव्यावर फुले भरपूर येतात. झाडाचा शेंडाच उडवून टाकण्याची रीत घातक आहे. त्याने फुटणाऱ्या फांद्या कमजोर असतात व वादळात त्याच प्रथम पडतात. फांद्यांवर बांडगूळ दिसताच ते फांदीच्या भागासह काढावे.

झाडाचे सर्वांत मोठे नुकसान आजकाल सिमेंटने होते. फरशी अथवा काँक्रीट बुंध्यापर्यंत आणल्यास मुळांना पाणी व हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या भोवतीचे एक मीटरच्या आतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. गावातील पार, सभामंडप किंवा पदपथ बांधताना हेच अंतर पाळावे. जाहिरातींसाठी खिळे ठोकणेही थांबले पाहिजे.

झाड धोकादायक झाले असे वाटल्यास परस्पर कुऱ्हाड चालवू नये. गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू असून खाजगी जमिनीतील झाड तोडण्यासही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. पुष्कळदा एखादी फांदी उतरविल्याने धोका टळतो आणि झाडही वाचते.

फुलवृक्ष लावणे ही हौस आहे, असा एक समज आहे. भाकरीचा प्रश्न असताना फुलांचा विचार कशाला, असेही कोणी विचारील. परंतु ज्या वाटेवर सावली आहे, त्या वाटेने मूल दुपारी अनवाणी घरी येऊ शकते. ज्या तळ्याकाठी मुळे आहेत, तेथला बांध पावसात टिकतो. ज्या आवारात बकुळ आहे, तेथे वृद्धांना बसावयास जागा मिळते. फुले ही या सर्वांवरची शोभा होय. यंदा पावसाआधी प्रत्येक पंचायतीने आणि शाळेने आपल्या जागेची पाहणी करावी, त्या जागेला साजेशी दोन-तीन झाडे निवडावीत, खड्डे वेळेवर खणावेत आणि मे महिन्यातील पाण्याची जबाबदारी आजच वाटून द्यावी. एवढे झाले, तर येत्या काही वर्षांत गावच्या वाटेवरचा पहिला बहावा फुलेल आणि त्याच्या सावलीत पुढच्या दोन-तीन पिढ्या वावरतील.